शीग

धान्य मोजताना आजी कधी ‘एक’ म्हणायची नाही. पहिली अधोली पोत्यात रिती झाली की ‘लाभ’. मग दोन, तीन, चार. नेवासे तालुक्यातली आमची सगळी वाडी तसंच मोजायची. एका वर्षी आमच्या मंडळीत नवे आलेले तरुण पाळकसाहेब हंगामाच्या सणाची बाजरी मोजताना शेजारी उभे होते. त्यांना हे खटकलं. ही जुनी समजूत झाली, ख्रिस्ती माणसानं सरळ ‘एक’ म्हणावं, असं त्यांनी आजीला समजावून सांगितलं. आजीनं मान हलवली. पुढच्या राशीला बसली, पहिली अधोली उचलली आणि म्हणाली, “देवाची.” मग दोन, तीन, चार. साहेब खूश होऊन गेले. मी विचारलं, “आजी, मग खरं काय म्हणायचं? लाभ का देवाची?”

“दोन्हीबी येकच हाय गं. मोजाय पुरलं, ह्योच लाभ.”

हंगामाचा सण म्हणजे पीक घरात आल्यावर देवळात अर्पणं आणण्याचा रविवार. (आम्ही चर्चला देऊळच म्हणायचो, अजूनही माझ्या तोंडी तेच येतं.) बाजरीची कणसं, उसाची मोळी, भोपळे, कोंबड्या, एखादं शेळीचं करडू. उपासना संपली की बाहेर लिंबाखाली लिलाव. त्यात मला सगळ्यात नवल अंड्याचं वाटायचं. चार आण्याचं अंडं कुणीतरी रुपयाला घ्यायचं आणि लगेच परत टेबलावर ठेवायचं, “पुन्हा बोला.” दुसरा दीड रुपयाला घ्यायचा, परत ठेवायचा. एकच अंडं पाच वेळा विकलं जायचं आणि कुणाच्याच घरी जायचं नाही. शेवटी पाळकसाहेबांच्या बाई ते उचलून आत न्यायच्या. शाळेतल्या गणितात हे कुठं बसत नव्हतं.

ती अधोली आता पिंपरीत माझ्या स्वयंपाकघरात आहे. पत्र्याची, तोंडाशी लोखंडी पट्टी मारलेली, बुडाशी पुसट झालेला सरकारी शिक्का. नातीला मी कोष्टक म्हणून दाखवते: दोन निळवी म्हणजे कोळवं, दोन कोळवी म्हणजे चिपटं, दोन चिपटी म्हणजे मापटं, दोन मापटी म्हणजे शेर, दोन शेर म्हणजे अधोली, दोन अधोल्या म्हणजे पायली. आणि सोळा पायल्यांचा मण. तिला ते बडबडगीत वाटतं. किलो, लिटर सक्तीचे झाले १९६२ साली. आमच्या वाडीनं त्याची दखल घ्यायला पुढं पंधराएक वर्षं घेतली.

मागच्या दिवाळीत नातीनं विचारलं, “पण म्हणजे किती ग्रॅम?” मग आम्ही दोघींनी स्वयंपाकघरातला काटा काढला. बाजरी काठापर्यंत भरून वरून हात फिरवला तर दीड किलोच्या आसपास. मग आजीसारखी भरली: आधी अर्धी, मग अधोली जमिनीवर दोनदा आपटली, पंजानं दाबली, पुन्हा भरली आणि वर शंकू उभा राहीपर्यंत ओतली. दाबल्या-आपटल्यानं काही दाणे आत जास्त मावले ते सोडा, नुसता वरचा शंकू वेगळा काढून तोलला तर दीडशे ग्रॅम. दीड भाकरीचं पीठ.

त्या शंकूला शीग म्हणतात.

लूकच्या शुभवर्तमानात, सहाव्या अध्यायात, प्रभू येशू देण्याघेण्याविषयी बोलताना नेमकं हे माप भरणंच सांगतो: दाबणं, हालवणं, ओसंडेपर्यंत भरणं. मराठी भाषांतर करणाऱ्यांनी तिथं ‘शीग’ शब्द घातला. आणि ते धान्य कुठं पडतं? पदरात. मुळातल्या ग्रीक शब्दाचा अर्थ अंगरख्याची छातीपाशी होणारी घडी, कमरेला पट्टा बांधला की तिची खोळ व्हायची आणि बाजारात माणसं त्यात धान्य घ्यायची. आपल्याकडे खळ्यावर बाई तेच काम पदराकडून करून घेते. मोआबातली रूथ बवाजाच्या खळ्यावरून सातूची सहा मापं अंगावरच्या वस्त्रात बांधून सासूकडे घेऊन गेली, ती गोष्टही आजीला तोंडपाठ होती. त्या पुस्तकात रूथ दुसऱ्याच्या शेतात ‘सरवा’ वेचते. सरवा म्हणजे कापणीनंतर रानात राहिलेली, गळलेली कणसं. हे शब्द आजीला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. लहानपणी तिनं दुसऱ्यांच्या रानातला सरवा वेचला होता. बायबल तिला परदेशी पुस्तक कधी वाटलंच नाही.

तिच्या सासूला, म्हणजे माझ्या पणजीला, शीग ठाऊक होती ती वेगळ्या रीतीनं. आमची माणसं महारवाड्यातली. वर्षभर गावकी करायची, सांगावे पोचवायचे, मेलेली जनावरं ओढायची आणि सुगीला खळ्यावर जाऊन बलुतं मागायचं. सगळ्यांचं मोजून झालं की शेवटी आमचं. एका मोठ्या घराचा कारभारी अधोली भरायचा आणि मग वरून सपकन हात फिरवायचा. शीग राशीवर परत. पणजी सांगायची म्हणे, “त्याचा हात आमच्या तोंडावरनं फिरायचा.” मी हिशेब करून पाहिला आहे. मणाला बत्तीस अधोल्या, दर अधोलीला दीडशे ग्रॅम, म्हणजे मणामागं तीन अधोल्या हातानं पुसल्या जात होत्या. पुसणाऱ्याला चोरी केल्यासारखंही वाटत नसणार. माप तर पुरतं होतं.

पणजी ख्रिस्ती झाली ती १९००च्या दुष्काळानंतर. अमेरिकन मराठी मिशननं नगरला ठाणं घातलं १८३१ साली, ‘ज्ञानोदय’ तिथूनच निघू लागलं १८४२ साली. पण आमच्यासारख्या वाड्यांपर्यंत मिशन खऱ्या अर्थानं पोचलं ते लागोपाठच्या दुष्काळांत. आईबाप गेलेली पोर मिशनच्या आवारात वाढली, अक्षरं शिकली. “पोटासाठी बाटले” हे मी शाळेत ऐकलेलं आहे, आणि पुढं चांगल्या शिकल्यासवरल्या माणसांकडूनही, जरा गुळगुळीत शब्दांत. पूर्वी राग यायचा. आता मी म्हणते, हो, पोटासाठी. मग? भुकेल्या पोरीला जेवण मिळालं आणि जेवण देणाऱ्या माणसानं वरून हात फिरवला नाही, तेव्हा तिला देव कसा असेल याचा पहिला अंदाज आला. आत्म्याचा रस्ता पोटावरून गेला म्हणून तो खोटा कसा? पाच भाकरी आणि दोन मासळ्यांच्या गोष्टीत पाच हजार माणसं जेवलीच. प्रवचनावर पाठवणी करा असं शिष्यांचं म्हणणं होतं; प्रभूचं नव्हतं.

लहानपणी मला आशीर्वादाची कल्पना एका शब्दावरून आली. मलाखीच्या पुस्तकात देव म्हणतो, दशमांश आणा, मग मी ‘आकाशकपाटे’ उघडतो की नाही ते बघा. आमच्या वाडीत कपाट एकच होतं, मिशनच्या दवाखान्यातलं, काचेच्या दाराचं, आणि त्याची किल्ली नर्सबाईंच्या कमरेला. त्यामुळं माझ्या डोळ्यांसमोर आभाळात एक मोठं पांढरं कपाट होतं, त्यात ओळीनं बरण्या आणि देवाच्या कमरेला किल्ली. खोकला झाला की नर्सबाई लाल औषध द्यायच्या, रडलं की गोड गोळी. देवही तसाच असणार, नीट मागितलं की देणार. कपाट म्हणजे दाराची फळी, हा जुना अर्थ मला कॉलेजात गेल्यावर कळला. आणि त्याच्याही खूप नंतर कळलं की हिब्रूत नोहाच्या जलप्रलयात जे आभाळाचे दरवाजे उघडतात आणि मलाखीत जे आशीर्वादासाठी उघडतात, त्यांना शब्द एकच आहे. त्याच दारातून पूर येतो, त्याच दारातून पीक येतं. नगर जिल्ह्यातल्या माणसाला हे दार बहुतेक वर्षं बंद दिसतं, हा भाग निराळा.

१९७२ला तर ते साफच बंद होतं. मी तिसरीत. आई आणि आत्या दुष्काळी कामावर खडी फोडायला जायच्या. शाळेत सुकडी मिळायची. तिचा भाजका गोड वास अजून नाकात आहे. रेशनवर आली मिलो, अमेरिकेची लाल ज्वारी. तिची भाकरी थापताना चिरायची आणि खाताना घशाला खरवडायची. मिशनमार्फतही थोडी मिलो आणि दुधाची पावडर आली. वाटायचं काम आजीकडं आलं, कारण अधोली तिची आणि भरवसाही तिच्यावरच. चाळीस घरं, घरटी चार अधोल्या. सगळं मोजून मापून आलेलं.

आजीनं शीग भरून वाटायला सुरुवात केली.

दादांनी, माझ्या वडिलांनी, दोनदा हटकलं. “बाई, हात फिरव. पुरायचं नाही.” ती म्हणाली, “त्या हातानं आपुन काय भोगलं ते इसरलास? मी हात फिरवायची न्हाई.” बायका पदर पसरत होत्या, ती दाबून, आपटून, शीग भरून घालत होती आणि तिचा चेहरा असा काही दिसत होता की दादा गप्प बसले. तिला आयुष्यात पहिल्यांदा देणाऱ्याच्या जागी बसायला मिळालं होतं. छत्तीस घरं झाली. चार घरं राहिली, त्यांत एक आमचं, आणि पोत्यात दीड अधोली.

लहान मुलांच्या बायबलच्या पुस्तकात इथं चमत्कार झाला असता. सारफथच्या विधवेचं मडक्यातलं पीठ सरलं नाही, तशी मिलो सरली नसती. आमची सरली. ज्या तीन बायका रांगेत उरल्या होत्या त्यांतली एक बाळंतीण होती. ती काही बोलली नाही, पदर आवरून खांद्यावर घेतला आणि गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आजी सूप घेऊन निघाली. मला बरोबर घेतलं. छत्तीस घरी गेली आणि प्रत्येक दारात तेच बोलली, “माझं चुकलं. वरची शीग तेवढी परत द्या.” बहुतेकांनी दिली. काहींनी हसून दिली, काहींनी सुपात टाकताना जरा आपटून. एकीनं दळून आणली होती, तिनं पीठ दिलं. एका घरी, “दिलेलं परत मागत्यात व्हय?” असं म्हणून दार लोटून घेतलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. आजी मात्र उन्हात, सूप डोक्यावर घेऊन, पुढच्या दाराकडं चालली होती.

त्या रात्री दादांनी निर्गमाचा सोळावा अध्याय वाचला. रानात इस्राएलांना मान्ना मिळाला तो माणशी एक ओमर. कुणी जास्त गोळा केला, कुणी कमी; मोजला तेव्हा जास्तवाल्याला उरला नाही आणि कमीवाल्याला तुटला नाही. दुसऱ्या दिवसासाठी ठेवला त्याच्यात किडे पडले. आजी ऐकत होती. मग म्हणाली, “म्हंजे देवाचं वाटताना हात सपाट. शीग आपल्यातली.”

मला वाटतं, आमच्या घराण्यात धर्मशास्त्र म्हणून जे काही झालं ते एवढंच. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ वाचताना मला हे पुष्कळदा आठवतं. नारायण वामन टिळक हातात असेल ते देऊन टाकायचे. उद्याची चूल कशी पेटायची हे लक्ष्मीबाई बघायच्या. औदार्याला नाव पुरुषाचं मिळतं, त्याची बेरीज-वजाबाकी कुणी बाई करत असते. आजीला मात्र दोन्ही एकटीलाच करावं लागलं.

दादांचं फार सांगत नाही. ते एका साखर कारखान्यात वजनकाट्यावर कारकून होते. काटा मारायला सांगितलं गेलं; गाडीमागं थोडे किलो, शेतकऱ्याला कळतही नाही. दादा आमोस वाचणारे. त्या संदेष्ट्यानं माप लहान आणि वजन मोठं करणाऱ्या व्यापाऱ्यांना झोडपलं आहे. दादांनी नाही म्हटलं आणि त्यांची बदली बारदानाच्या गोदामात झाली, ती निवृत्तीपर्यंत. आई कधीकधी प्रार्थनेतच देवाला विचारायची, तुझ्या माणसाला तू हे बरं फळ दिलंस. डोळे मिटून, हात जोडून, अगदी आदरानं विचारायची. दादा शेवटी आमेन म्हणायचे.

मी लग्न होऊन पिंपरीला आले १९८७ साली. नवरा कारखान्यात, मी एका कचेरीत हिशेबाला. १९९९ साली त्यांची कंपनी बंद पडली. त्याच सुमारास आमच्या भागात मैदानावर मोठमोठ्या सभा व्हायला लागल्या. मंडप, कीबोर्ड, पांढऱ्या सुटातले वक्ते. विषय एकच, आशीर्वाद. आणि वचनही एकच, माझ्या आजीचं. माप, शीग, पदर. वक्ता म्हणायचा, दिलंत तर शंभरपट परत मिळेल, हा देवाचा करार आहे. खुर्च्यांवर पाकिटं ठेवलेली असायची, त्यांवर गव्हाची लोंबी छापलेली. देणगी म्हणजे बी, विश्वासानं पेरायचं आणि पीक मागून घ्यायचं. ही कल्पना अमेरिकेतले धर्मप्रचारक ओरल रॉबर्ट्स यांनी रुजवली. त्यांचं त्या विषयावरचं पुस्तक १९७० सालचं आहे. म्हणजे मिलो आमच्याकडं आली त्याच्या दोन वर्षं आधीचं. मिलो निदान शिजत होती.

मी पाकिटात पाच हजार घातले. भिशीचे. घालताना मी आजीची नात आहे असं मला वाटत होतं, पण नव्हते. मी मनातल्या मनात पाच हजाराला शंभरनं गुणत होते.

साक्षी चालायच्या. कुणाला फ्लॅट झाला, कुणाचा व्हिसा आला. आम्हाला आठ महिने काही झालं नाही. मग घरोघरच्या प्रार्थनेला येणाऱ्या एका बंधूंनी नवऱ्याला बाजूला घेऊन विचारलं, काही गुप्त पाप आहे का, आशीर्वाद कुठं अडतोय ते शोधायला हवं. नवरा घरी येऊन नुसता बसून राहिला. नोकरी गेली तेव्हाही तो इतका खचला नव्हता. त्यानंतर दीड वर्ष आम्ही कुठल्याच देवळाची पायरी चढलो नाही. ईयोबाचे मित्र त्याच्या राखेत सात दिवस गप्प तरी बसले होते; आमच्याकडं आले त्यांना तेवढाही धीर नव्हता.

तरी एक गोष्ट सांगायलाच हवी. त्या मैदानांवर जमणाऱ्या माणसांना हसणं मला जमत नाही. ती आमचीच माणसं होती: कंत्राटी कामगार, धुणीभांडी करणाऱ्या बायका, रिक्षावाले. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्या मापावरून हात फिरला त्यांना ‘आहे त्यात समाधान मान’ असं सांगणं हा दुसरा हात. आणि बायबलमध्ये समृद्धी नाही हेही खरं नाही. अब्राहामाचे कळप मोजवत नव्हते, ईयोबाला शेवटी दुप्पट मिळालं, प्रभूनं स्वतः म्हटलं की विपुल जीवन द्यायला आलो. गरिबानं भरलेल्या कणगीचं स्वप्न पाहिलं तर त्यात पाप काय? माझं भांडण स्वप्नाशी नाही, कराराशी आहे. मार्कच्या दहाव्या अध्यायात शंभरपटीचं वचन आहे, त्याच वाक्यात छळही पदरात पडेल असं म्हटलं आहे. मी त्या सभांना चाळीसेक वेळा गेले असेन. तो शब्द एकदाही वाचला गेला नाही.

नवऱ्याला पुढं लहानसं काम मिळालं, एका दुकानात. पगार निम्मा. तो आशीर्वाद का शिक्षा, हे ठरवायचं आम्ही सोडून दिलं. एका पावसाळ्यात दुपारी मी आजीचं बायबल काढून लूकचा तो अध्याय सबंध वाचला, एरवी आम्ही सगळे एकच वचन उचलून वाचतो तसा नाही. तेव्हा लक्षात आलं की त्या मापाच्या आधीच्या ओळीत पैसा नाहीच. तिथं आहे: दुसऱ्याचा न्याय करू नका, दोषी ठरवू नका, क्षमा करा. आणि मग देणं, मग माप. मत्तयमध्ये हेच मापाचं बोलणं सरळ न्याय करण्याबद्दल आलं आहे, मार्कमध्ये ऐकण्याबद्दल. म्हणजे प्रभूच्या बोलण्यातल्या अधोलीत बाजरी नव्हती. असलीच तर ती नंतर.

मी हिशेबाची बाई. मला ते वाचून पहिल्यांदा काय आठवावं? ते प्रार्थनेला येणारे बंधू. त्यांच्यासाठी माझ्याकडं किती माप होतं ते मी बघितलं. अधोली सोडा, निळवंसुद्धा भरत नव्हतं. आज चोवीस वर्षांनी कोळव्यापर्यंत पोचले आहे, असं प्रामाणिकपणे म्हणता येईल.

आत्या गेल्या वर्षी वारली. शेवटच्या पावसाळ्यात महिनाभर माझ्याकडं होती. अधोली बघून तिनं हातात घेतली, काठावरून बोट फिरवलं आणि मला ठाऊक नसलेली एक गोष्ट सांगितली. तीही बहात्तरचीच. सूप घेऊन दारोदार फिरल्यावर सगळ्यांचं सपाट मापानं भागलं, आमच्या वाट्याच्याही चार अधोल्या घरात आल्या. त्यातली निम्मी संपली असेल. एका संध्याकाळी दिवेलागणीनंतर अंगणाबाहेर कुणीतरी उभं राहिलं. आत येईना. आत्यानं कंदील धरला. त्या मोठ्या घरातली म्हातारी होती, ज्यांच्या खळ्यावर पणजीच्या मापावरून हात फिरायचा त्या घरातली. नवरा गेला होता, मुलगा जमीन गहाण टाकून मुंबईला, विहीर आटलेली, घरात दोन नातवंडं. आमच्या दारात ती जन्मात कधी आली नव्हती. काही मागितलंही नाही तिनं. नुसता पदर पुढं धरला.

आजी बराच वेळ तिच्याकडं बघत राहिली, आत्या सांगत होती. मग उठली. अधोली भरली. सवयीनं शीग उभी राहिली. आणि आजीनं वरून हात फिरवला. सपकन. शीग खाली सुपात पडली. सपाट अधोली म्हातारीच्या पदरात घातली. म्हातारी काही न बोलता वळली.

आजी सूप घेऊन तशीच बसून राहिली. शीग म्हणजे मापात नसलेलं धान्य. ना मापाचं, ना पोत्याचं. पोत्याचं तोंड उघडंच होतं, नुसतं ओतायचं होतं. आजीनं ओतलं नाही. म्हातारी बांधापर्यंत पोचली असेल तेवढ्यात तिनं सूप आत्याच्या हातात दिलं.

“पळ. तिला गाठ आन् पदरात घाल.”

“काय सांगू तिला?” आत्यानं विचारलं.

आजी कंदिलाची वात खाली करत होती.

“काय न्हाई. सांडलं व्हतं म्हन.”